पानाभाऊंची बदनामी

नवऱ्याची निंदा कोणती बायको करत नाही? घरोघरी मातीच्याच चुली. पण कोणाजवळ काय सांगायचं ते आदल्या दिवशी ठरवून, समोरचं गिऱ्हाईक बघून, पुरते तीन आठवडे नेमाने निंदा करणारी बाई एकच, लॉन्ड्रीवाल्या वहिनी. बरं, नवरा वाईट असता तर एक वेळ समजण्यासारखं होतं. पण हा माणूस असा, की मुंगीवर पाय पडला तर वाकून माफी मागेल.

हा माणूस म्हणजे पानाभाऊ. धंद्याने प्लंबर. खिशातून कायम पाना डोकावायचा म्हणून पानाभाऊ, आणि त्यांची बायको म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी. कोपऱ्यावर वहिनींची लॉन्ड्री होती. पुढे काउंटर, मागे इस्त्रीचं टेबल, वर कपड्यांच्या रांगा. पानाभाऊ सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन निघायचे ते कधी उगवतील याचा नेम नसायचा. घरात तिसरं माणूस म्हणजे त्यांची लेक ठकी, वय वर्षं आठ, तोंड वय वर्षं पन्नास.

झालं होतं असं, की त्यांच्या चर्चचे म्हातारे पाळक गुडघ्यांनी पार थकले होते. एका रविवारी उपासना संपल्यावर ते म्हणाले, "मंडळी, आता या पायऱ्या मला चढवत नाहीत. तीन रविवारनंतर नवा पाळक निवडू." सगळे हळहळले. वहिनीही हळहळल्या. पण दुसऱ्याच क्षणी त्यांची नजर शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे गेली आणि हळहळ तिथेच थांबली.

कारण या मंडळीची पद्धतच तशी होती. वहिनींची नणंद लग्न होऊन दुसऱ्या पंथात गेली होती. तिच्याकडे बिशप पाळक नेमून पाठवायचे, चार-पाच वर्षांनी बदली. "तुमचं आपलं बरं," वहिनी तिला म्हणायच्या, "बँकेचा मॅनेजर बदलावा तसा पाळक बदलतो, कोणाच्या जिवाला घोर नाही." समोरच्या गल्लीतल्या चर्चची तऱ्हा आणखी निराळी. तिथे अर्ज मागवायचे, मुलाखत व्हायची, उमेदवार नमुन्याचं प्रवचन करायचा आणि मग सभासद हात वर करून पसंती द्यायचे. "थोडक्यात, मुलगी बघण्याचा कार्यक्रमच की!" असं नणंद म्हणायची आणि दोघी हसायच्या.

यांच्या मंडळीत बाहेरून कोणी यायचंच नाही. पाळक आपल्यातूनच निवडायचा, मग तो सुतार असो की शिक्षक, बाई असो की पुरुष. निवडीच्या दिवशी जुने पाळक बाजूच्या लहान खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचे, दार बोटभर उघडं ठेवायचं, आणि एकेका सभासदाने दाराशी जाऊन एकच नाव हळूच सांगायचं. कोणाचं नाव सांगायचं? तर आपल्या घरावर सगळ्यांत वाईट वेळ आली तर आपण ज्याला बोलावू, त्याचं. तीन किंवा जास्त जणांनी ज्यांची नावं घेतली, त्यांना पुढे बोलवायचं. जितकी माणसं तितकी गीतपुस्तकं टेबलावर मांडायची, त्यातल्या एकात चिठ्ठी. ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघेल तो पाळक. पगार नाही. आपला धंदा सांभाळून, हातपाय चालेपर्यंत हे करायचं. निवडलेल्या माणसाला नाही म्हणायची सोयच नव्हती. नाही म्हणायचा हक्क होता तो फक्त त्याच्या घरच्यांना. सगळ्यांसमोर त्यांना विचारलं जायचं, आणि त्यांनी नकार दिला तर चिठ्ठी पुन्हा काढायची. पण आजवर कोणी नकार दिला नव्हता. दीडशे माणसांच्या समोर आपल्याच माणसाचा असा पाणउतारा करायला कोणाची जीभ रेटणार?

वहिनींना हे सगळं पुस्तकात वाचून माहीत नव्हतं. त्या नऊ वर्षांच्या असताना त्यांच्या बाबांच्या पुस्तकात चिठ्ठी निघाली होती. बाबा सुतार होते. त्या दिवसापर्यंत ते संध्याकाळी लेकीला मांडीवर घेऊन लाकडाच्या ढलप्यांची माणसं करून द्यायचे. त्या दिवसानंतर मांडी राहिली बाजूला, बाबा जेवायला सापडेनात. घास उचलला की दार वाजायचं. आई ताट झाकून ठेवायची आणि पोरगी खिडकीत बसून वाट बघत तिथेच झोपायची. बाबा गेले तेव्हा सगळी मंडळी ओक्साबोक्शी रडली. जो तो बाबांची एकेक आठवण सांगत होता, कोणाच्या आजारपणात ते रात्रभर कसे बसले, कोणाच्या पोराला त्यांनी कसं समजावलं. वहिनी कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. सगळ्या खोलीत सर्वांत कमी आठवणी त्यांच्याकडे होत्या.

म्हणून त्यांनी पक्कं ठरवलं. पानाभाऊंचं नाव तिघांच्या तोंडी येऊच द्यायचं नाही. कोणाला 'त्यांचं नाव घेऊ नका' असं सांगायला बंदी होती, तो नियमच होता. पण नवऱ्याचे दुर्गुण सांगायला काही बंदी नव्हती.

पहिल्या सापडल्या मास्तरीणबाई. त्या साड्या न्यायला आल्या तशा वहिनींनी सुस्कारा सोडला. "काय सांगू बाई, आमचे हे म्हणजे अगदी निष्काळजी. आमच्या मोरीतला नळ सहा महिने गळतोय, पण यांचं लक्ष असेल तर शपथ."

मास्तरीणबाईंनी साड्यांची पिशवी पोटाशी धरली. "सहा महिने? अरेरे. म्हणजे आधी सगळ्यांचे नळ आणि मग स्वतःचा. असा माणूस शोधून सापडायचा नाही हो."

झालं! करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. वहिनींनी डाव बदलला. दुसऱ्या दिवशी बसड्रायव्हर युनिफॉर्म घेऊन आले तेव्हा आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "बाहेर दिसतात शांत, पण घरी फार चिडतात. फार म्हणजे फारच."

ड्रायव्हरभाऊ एवढे हसले की काउंटरवरची पावती उडाली. "पानाभाऊ? अहो, परवा आमच्या हिने चुकून बादलीभर पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं. म्हणाले, बरं झालं, आज आंघोळ राहिलीच होती."

नर्सबाईंच्या बाबतीत वहिनींना खात्री होती. शिकली-सवरलेली बाई, चांगल्या प्रवचनाची आवड असलेली. "यांना चार माणसांत तोंड उघडता येत नाही," वहिनी म्हणाल्या. यात तर खोटं काहीच नव्हतं.

नर्सबाईंनी पांढऱ्या कोटाची घडी उलटून बघितली. मग म्हणाल्या, "बोलणारे पुष्कळ आहेत वहिनी. माझी आई शेवटच्या दुखण्यात होती ना, तेव्हा स्वयंपाकघरातलं बेसिन तुंबलं. पानाभाऊ आले, बेसिनखाली आडवे झाले. नुसते पाय दिसत होते. त्या पायांना मी काय काय सांगितलं, देव जाणे. दीड तास मीच बोलत होते. ते आपले आतून मधूनमधून 'हं' म्हणत होते. नंतर मी वाकून बघितलं तर पाना बाजूला ठेवलेला होता. काम केव्हाच झालं होतं त्यांचं." त्यांनी कोट उचलला आणि डोळे पुसत निघून गेल्या. वहिनींना इस्त्रीचं भान राहिलं नाही आणि कोणाच्या तरी शर्टाची कॉलर पिवळी झाली.

तिसऱ्या आठवड्यात मात्र एक जण गळाला लागला. निवृत्त पोस्टमन आजोबा. मंडळीच्या सभेत कुठलाही ठराव येवो, यांचा विरोध ठरलेला. वहिनींनी नुसती सुरुवात केली तोच आजोबा म्हणाले, "मी तर कधीपासून म्हणतोय. घुम्या माणूस. अशा माणसाच्या पोटात काय असतं कोणाला कळतंय?"

वहिनींना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घुम्या? काय माहीत आहे हो तुम्हाला त्यांच्याबद्दल? तुमच्या सुनेला दवाखान्यात कोणी नेलं? तुमचा गीझर कोणी बसवून दिला, आणि वर चहासुद्धा घेतला नाही? पोटात काय असतं म्हणे! सोनं असतं सोनं!" असा पंधरा मिनिटं तोंडाचा पट्टा चालला. आजोबा धोतराची, छे, आजोबा कसलं धोतर नेसतात, पँटांची पिशवी घेऊन मुकाट्याने गेले. जाताना दारात थांबून म्हणाले, "तू म्हणतेस तर खरं असेल बुवा." वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

निवडीच्या आदल्या संध्याकाळी पानाभाऊ लवकर घरी आले. हातपाय धुतले, खुर्चीवर बसले आणि नखांतला उरलेला मळ काढू लागले. ठकी आत गणितं करत होती.

"मी घरी चिडतो का गं?" त्यांनी अचानक विचारलं.

वहिनींच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. "कोण म्हणालं?"

"ड्रायव्हरभाऊ हसत होते. मला काही हसू आलं नाही. होतं असं कधी कधी, आपल्याला आपलं कळत नाही. चिडत असेन तर सांगत जा ना. आणि तो मोरीतला नळ पण मी आज करतो."

आता अशा माणसापुढे कोणाचा टिकाव लागणार? वहिनी त्यांच्या समोर बसल्या आणि सगळं ओकून मोकळ्या झाल्या. मास्तरीणबाई, ड्रायव्हरभाऊ, नर्सबाई, पोस्टमन आजोबा, एकेकाला काय काय सांगितलं ते. "मला तुम्हाला कोणाबरोबर वाटून घ्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "माझे बाबा दिले मी मंडळीला. आता तुम्हाला नाही देणार. स्वार्थी म्हणा, काही म्हणा."

पानाभाऊ हसलेही नाहीत आणि रागावलेही नाहीत. "माझं नाव कोण घेणार आहे, वेडे," एवढंच म्हणाले. "मला कुठे बोलता येतं."

"आणि घेतलं तर? तुमच्या मनात काय आहे?"

"कोणी बोलावलं तर मला नाही म्हणता येत नाही, हे तुला माहीत आहे," ते म्हणाले. "म्हणून तर ते तुम्हाला विचारतात, मला नाही." आणि पाना घेऊन मोरीत गेले.

रविवारी उपासना संपली आणि रांग लागली. वहिनी दाराच्या फटीशी पोहोचल्या तेव्हा आत म्हाताऱ्या पाळकांची पाठ दिसत होती, शेजारी वही घेऊन चिटणीसबाई. औषधाचं दुकान चालवणाऱ्या या बाई मंडळीची सगळी दप्तरं सांभाळत. सगळ्यांत वाईट वेळी कोणाला बोलावशील? वहिनींना उत्तर माहीत होतं, लहान पोरालाही सांगता आलं असतं. त्यांनी डोळे मिटून ड्रायव्हरभाऊंचं नाव घेतलं आणि पटकन बाजूला झाल्या.

अर्ध्या तासाने चिटणीसबाईंनी नावं वाचली. मास्तरीणबाई. ड्रायव्हरभाऊ. नर्सबाई. आणि पानाभाऊ.

टेबलावर चार सारखी गीतपुस्तकं मांडली होती, प्रत्येकाला रबरबँड. मास्तरीणबाई वयाने मोठ्या, त्यांनी पहिलं उचललं. मग ड्रायव्हरभाऊंनी, मग नर्सबाईंनी. पानाभाऊंनी स्वच्छ हात उगाचच पँटला पुसले आणि उरलेलं पुस्तक घेतलं. एकेक पुस्तक उघडलं गेलं. मास्तरीणबाईंनी मान हलवली, ड्रायव्हरभाऊंनी हलवली, नर्सबाईंनी हलवली. पानाभाऊंना पुस्तक उघडायची गरजच नव्हती. तरी त्यांनी उघडलं, आणि आतली चिठ्ठी दोन बोटांत धरून जमिनीकडे बघत उभे राहिले.

म्हातारे पाळक व्यासपीठाच्या कठड्याला धरून उभे राहिले. "पानाभाऊंच्या घरच्यांना विचारतो. मंडळी तुमचा माणूस मागते आहे. तुमची परवानगी आहे का?"

चर्चमधल्या दीडशे माना मागे वळल्या. वहिनी उभ्या राहिल्या, समोरच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरून. 'नाही' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तीन आठवडे त्याच्यासाठीच तर जिवाचं रान केलं होतं. तेवढ्यात त्यांचं लक्ष शेजारी गेलं. ठकी बाकावर बसून आळीपाळीने सगळ्यांची तोंडं बघत होती, काय चाललंय याचा अंदाज घेत.

"आधी हिला विचारा," वहिनी म्हणाल्या.

चिटणीसबाईंनी चष्मा सावरला. "नियम बारा वर्षांच्या पुढच्यांचा आहे, वहिनी. लहान मुलांना विचारत नाहीत."

"ठाऊक आहे मला. मी नऊ वर्षांची होते. इथेच बसले होते, या डाव्या बाजूच्या बाकावर. बाबांना विचारलं नाही, ते ठीक. आईला विचारलं, मोठ्या दादाला विचारलं. मला कोणी विचारलं नाही." त्यांनी ठकीच्या खांद्यावर हात ठेवला. "हिला विचारल्याशिवाय मी हो पण म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही."

चिटणीसबाई वहीची पानं उलटू लागल्या. मग टेबलाशी उभ्या असलेल्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "नियम आपणच केलेत ना? मग हात वर करा. मुलीला विचारावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी." भराभर हात वर गेले. एकटे पोस्टमन आजोबा हाताची घडी घालून बसले होते. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले तसा त्यांनीही हात वर केला. "बघताय काय? खांदा दुखतोय माझा," ते गुरगुरले.

म्हातारे पाळक एकेक पायरी उतरून खाली आले. गुडघे कटकट वाजत होते. ते ठकीच्या शेजारी बाकावर बसले. "ठकूताई, तुझे बाबा आमचे पाळक झाले तर चालेल का तुला?"

"म्हणजे ते काय करणार?" ठकीने विचारलं.

पाळकांनी वहिनींकडे बघितलं. "तूच सांग. तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

वहिनींनी काही लपवलं नाही. "कोणी आजारी पडलं की बाबा जाणार. कोणाच्या घरी भांडण झालं की जाणार. जेवताना दार वाजलं की ताट झाकून जाणार. तुझ्या शाळेत कार्यक्रम असेल त्याच दिवशी नेमकं कोणाचं तरी काहीतरी होणार, आणि बाबा तिकडे जाणार. रोज नाही, पण बऱ्याचदा."

"आणि आपण काय करायचं?"

"आपण घरी थांबायचं. वाट बघायची."

ठकीने विचार केला. कपाळाला आठ्या घालून, गणित करावं तसा. मग म्हणाली, "पण मी पण गेले तर? बाबांच्या बरोबर? मी मध्ये मध्ये बोलणार नाही. पिशवी धरीन."

वहिनी बाकावर बसल्या. किती वर्षं झाली त्या खिडकीतल्या वाट बघण्याला, पण 'मला पण न्या' असं म्हणायचं त्यांना एकदाही सुचलं नव्हतं. बाबांनाही सुचलं नव्हतं. ते घाईत असायचे, आणि ती रुसलेली असायची.

"नेईन," पानाभाऊ म्हणाले.

"ऐकू आलं नाही!" मागून पोस्टमन आजोबा.

"नेईन म्हटलं!" पानाभाऊ एवढ्या मोठ्याने ओरडले की स्वतःच दचकले. आख्खं चर्च हसलं. चिटणीसबाईंनी विचारलं, "हे वहीत घेऊ?" आणि कोणी काही म्हणायच्या आत लिहायलाही लागल्या.

म्हातारे पाळक मात्र हसले नाहीत. ते बाकावरून उठले नाहीत, तसेच वहिनींकडे वळले. त्यांनी त्यांना वहिनी म्हटलं नाही. "पोरी," ते म्हणाले, "तुझ्या बाबांना निवडलं त्या दिवशी वही माझ्याकडे होती. मी लिहिलं होतं, 'घरातून कोणाची हरकत नाही.' लिहिताना मान वर केली तेव्हा तू रडत होतीस. मला दिसत होतीस तू. तरी मी तसंच लिहिलं." त्यांनी हात जोडले. "माझं चुकलं. आज विचारतो. तुझी हरकत आहे का?"

वहिनींनी पदराने नाक पुसलं. समोर पानाभाऊ चिठ्ठी धरून उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकी भीती होती, की वहिनींना वाटलं आत्ता उठावं आणि त्यांना घरी घेऊन जावं.

"तेव्हा होती, काका," त्या म्हणाल्या. "खूप होती."

"आणि आज?"

"आज नाही." मग चिटणीसबाईंकडे वळून, डोळ्यांतलं पाणी न पुसता, त्या म्हणाल्या, "लिहा. पण आधी ते तेव्हाचं पान काढा, आणि त्यावर माझी हरकत लिहा."

चिटणीसबाई कपाटाकडे जुनी वही शोधायला गेल्या, आणि ती सापडेपर्यंत सगळी मंडळी जागची हलली नाही.